सोनपेठेत सोनं निघत नाही

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत आणि त्यांतल्या एकाचं नाव सोनपेठ. तिथल्या शाळेत मी काही वर्षं भूगोल शिकवला. खनिजांचा धडा आला की दरवर्षी कुणीतरी हमखास विचारायचं, ‘बाई, सोनपेठेत सोनं कुठंय?’ वर्ग हसायचा, मीही हसायचे आणि फळ्यावर बेसाल्टचे थर काढायला घ्यायचे. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या पोरानं पुढचा प्रश्न टाकला. ‘मग माझ्या आईच्या डोरल्यातलं सोनं कुठून आलं?’ मी ठोकून दिलं, ‘कोलारहून.’ तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले.

उत्तर चूक होतं. कोलारच्या खाणी 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाल्या, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून त्या शेवटच्या घटका मोजत होत्या. आज आपल्या देशातल्या खाणींतून वर्षाला दीड टनाच्या आसपास सोनं निघतं. बाहेरून येतं ते सात-आठशे टन. म्हणजे त्या डोरल्याचा माग काढायचा तर फळ्यावर कर्नाटक काढून भागणार नव्हतं; निदान एका मण्यापुरता तरी आफ्रिकेचा नकाशा काढावा लागला असता. जगातल्या खाणींतून दरसाल निघणाऱ्या सोन्यापैकी साधारण चौथा हिस्सा त्या खंडातून येतो.

हे पुस्तक त्या खंडाबद्दल आहे. घाना, माली, बुर्किना फासो, टांझानिया, दक्षिण आफ्रिका, सुदान अशा देशांत सोन्याच्या खाणींचं पुढं काय होणार, कुणाच्या हाती काय लागणार, हा त्याचा विषय. लेखक परभणीचेच. पश्चिम आफ्रिकेत एका खाणीच्या हिशेब खात्यात त्यांनी बरीच वर्षं काढली. त्यामुळे साहसकथा, वाघ-सिंह, जंगलातली रात्र असलं काही इथं सापडणार नाही. खर्च किती, निघालं किती, उरलं किती हे सापडेल. प्रस्तावना लिहायला त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बाबा रे, मी हैदराबादच्या पलीकडं गेलेली नाही. ते म्हणाले, म्हणूनच. परभणीच्या माणसाला हा विषय का कळावा, ते तुम्ही लिहा.

तेव्हा आधी पायाखालच्या दगडापासून सुरुवात करते. आपला सगळा जिल्हा काळ्या दगडावर बसलेला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला; पुन्हा आला, पुन्हा पसरला. जिंतूरच्या डोंगराकडं पाहिलं की हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. विहीर खोदणाऱ्यांना ते भूगर्भशास्त्रज्ञांपेक्षा आधीपासून माहीत आहेत: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग पहार उडवून लावणारा काळा पाषाण. या दगडातून खडी मिळते, गारगोट्या मिळतात, आणि त्याची झीज होऊन झालेल्या मातीत कापूस येतो. त्यात सोन्याच्या शिरा नसतात.

पण काळा पाषाण म्हणजे वरचं झाकण आहे. झाकणाखाली काय आहे हे बघण्याची संधी फार वाईट प्रसंगानं मिळाली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत 617 मीटर खोल छिद्र घेतलं. सुमारे 338 मीटरवर बेसाल्ट संपला. खाली गाळाचा एक पातळ थर आणि त्याखाली अडीच अब्ज वर्षांहून जुना, भट्टीत शेकून निघाल्यासारखा मूळचा खडक लागला. कर्नाटकात हाच प्राचीन पाया उघड्यावर आहे आणि हट्टी, कोलारचं सोनं त्याच्याच कुशीतल्या हिरवट शिलापट्ट्यांमधून निघालं. आपल्याकडं तो गाडला गेला, एवढंच. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा सापडल्या आहेत त्याही जिथं हे झाकण नाही तिथंच, म्हणजे नागपूर-भंडाऱ्याकडच्या साकोली पट्ट्यात. परभणीच्या खालच्या पायात सोनं असेलही. पण शेकडो मीटर काळा दगड फोडून ते शोधायला जाणारा माणूस आधी कर्जबाजारी होईल आणि मग शहाणा.

आफ्रिकेतलं सोनंही बऱ्याच ठिकाणी याच घराण्याच्या खडकांत आहे. टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराभोवतीचे शिलापट्टे कर्नाटकातल्या त्या धारवाडी पट्ट्यांच्या वयाच्या आसपासचे. घाना-मालीकडचे त्याहून तरुण, सुमारे सव्वादोन अब्ज वर्षांचे. आणि कधीकाळी हे सगळं एकाच भूखंडात होतं. त्या भूखंडाला शास्त्रज्ञांनी गोंडवन म्हटलं ते आपल्या शेजारच्या गोंडांच्या मुलखावरून. जोहान्सबर्गच्या प्राध्यापकाला रोज उच्चारावं लागणारं हे नाव आपल्याकडून गेलेलं आहे, याची मला उगाचच ऐट वाटते.

दगडाचं नातं झालं; आता कागदाचं. परभणी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती. हट्टीही. त्या अर्थानं एकेकाळी सोन्याची खाण आपल्या ‘राज्यात’ होती, आणि ती आजचीही नव्हे. हट्टीच्या जुन्या विवरांचा तळ सहाशे फुटांहून खोल सापडला. आग पेटवून दगड तापवायचा, मग पाणी मारून तडकवायचा, असं करत प्राचीन काळचे खाणकरी तिथवर उतरले. जवळच मस्की आहे. 1915 मध्ये सी. बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीतल्या इंजिनिअरला तिथं एका खडकावर अक्षरं दिसली. तो सम्राट अशोकाचा लेख निघाला, आणि ‘अशोक’ हे नाव स्पष्ट असलेला तो पहिला सापडलेला लेख. सोनं शोधायला गेलेल्या माणसानं आपल्या इतिहासातलं सर्वांत मोठं नाव पक्कं करून दिलं.

निजामाच्या राज्यातली खाणींची दुसरी गोष्ट इतकी गोड नाही. 1886 मध्ये निजाम सरकारनं दोन इंग्रज गृहस्थांना राज्यातल्या खनिजांवर 99 वर्षांची सवलत दिली. त्यावर लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली. भांडवल दहा लाख पौंड. त्यातले साडेआठ लाखांचे शेअर सवलत मिळवणाऱ्यांनी, भरून पावल्याचं दाखवून, स्वतःकडं घेतले. एक फावडं मारण्याआधी. मग बाजारात भाव चढवला गेला आणि चढ्या भावानं त्यातले शेअर विकत घेतले कुणी, तर निजाम सरकारनंच! व्यवहारात निजामाच्या वतीनं असलेला अधिकारी अब्दुल हक स्वतःही त्यात वाटेकरी होता. बोभाटा इतका झाला की 1888 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या जमिनीच्या नावावर हे शेअर फिरत होते तिच्यात परभणीही होती, आणि परभणीच्या कुणाला याचा पत्ता नव्हता.

ही गोष्ट मी मुद्दाम विस्तारानं सांगितली, कारण पुस्तकाच्या पहिल्या भागातले आफ्रिकन करार वाचताना ती डोळ्यांपुढं ठेवावी लागते. एखाद्या टोळीप्रमुखाकडून शंभर चौरस मैलांचा कागद लिहून घेतला, तो लंडनला नेला, कंपनी काढली, शेअर विकले. घानातल्या ओबुआसीच्या प्रसिद्ध खाणीची कंपनी 1897 ची, आणि तिची सुरुवात अशाच कागदानं झाली. आपण तो प्रकार दूरदेशीचा मागासलेपणा म्हणून वाचू शकत नाही. आपल्या पणजोबांच्या जमिनीवरही तो झाला होता. फक्त आपल्या खाली काळा दगड निघाला म्हणून थोडक्यात निभावलं.

योगायोग असा की निजामानं ती सवलत दिली त्याच 1886 साली दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडचं सोनं सापडलं आणि माळावर जोहान्सबर्ग नावाचं शहर उगवलं. तिथलं सोनं अमाप, पण दगडात इतकं बारीक विखुरलेलं की डोळ्याला दिसू नये. थोडं खोल गेल्यावर पाराही ते पकडेना. ग्लासगोमध्ये 1887 साली सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून काढण्याची रीत निघाली आणि ती 1890 मध्ये तिथं पोचली म्हणून खाणी वाचल्या. यंत्र आलं, रसायन आलं, भांडवल आलं. माणसं मात्र येईनात. ज्याच्या घरी गुरं आहेत, ज्वारी-मका आहे, तो कशाला जमिनीखाली उतरेल? मग झोपडीवर कर बसवला. कर रोख पैशातच भरायचा आणि रोख पैसा खाणीतच मिळायचा. 1913 च्या कायद्यानं आफ्रिकन लोकांना जमीन घेण्यालाही देशाच्या छोट्याशा हिश्श्यापुरतं बांधून टाकलं. शेतसारा रोखीत भरण्यासाठी सावकाराच्या ओट्यावर बसलेल्या मराठी कुणब्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

दक्षिण आफ्रिकेनं 1970 मध्ये एका वर्षात हजार टनांहून अधिक सोनं काढलं. आज ती शंभर टनांच्या आसपास रेंगाळते आहे आणि खंडातला पहिला क्रमांक काही वर्षांपूर्वीच घानाकडं गेला. सोनं संपलं म्हणून नव्हे. ते खाली गेलं. जोहान्सबर्गजवळच्या एम्पोनेंग खाणीत माणसं चार किलोमीटरच्या आसपास खोल काम करतात. तिथला खडक हात ठेवता येणार नाही इतका तापलेला, म्हणून खाली बर्फाचं पाणी सोडावं लागतं. फुप्फुसात दगडाची धूळ साठून आजारी पडलेल्या खाणकामगारांच्या दाव्यात 2019 मध्ये न्यायालयानं सुमारे पाच अब्ज रँडची तडजोड मंजूर केली, तोवर त्यांतले कितीतरी जण गेलेले होते. आणि सोडून दिलेल्या खाणींत आता ‘झामा झामा’ उतरतात. ‘नशीब आजमावणारे’ असा त्या शब्दाचा अर्थ. स्टिलफोंटेनच्या एका बंद खाणीत पोलिसांनी रसद रोखली, माणसं महिनोन्‌महिने खाली अडकली आणि जानेवारी 2025 मध्ये सत्तरहून अधिक प्रेतं वर काढावी लागली.

आता थोडा हिशेब. ‘सोन्याची खाण’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पिवळ्या भिंती येतात. सिनेमांनी ती सवय आणखी पक्की केली. प्रत्यक्षात पश्चिम आफ्रिकेतल्या उघड्या खाणीत एक टन दगडात दोन ग्रॅम सोनं असलं तरी मालक खूश असतो. दहा ग्रॅमच्या तोळ्याला म्हणजे पाच टन दगड. आपल्याकडच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या दोन खेपा म्हणा. शिवाय त्या पाच टनांपर्यंत पोचायला वरचा फुकाचा दगड कित्येक पट उपसावा लागतो. तो पाच टन दगड पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या पाण्यात घुसळायचा, विरघळलेलं सोनं कोळशाच्या कणांवर धरायचं, आणि उरलेला राखाडी चिखल बांध घालून कायमचा सांभाळायचा. सोनं विकलं जातं, चिखल गावाकडं राहतो.

म्हणून खाणीचं भवितव्य फक्त भावावर ठरत नाही. 2025 मध्ये आपल्याकडं तोळ्यानं लाखाची वेस ओलांडली तेव्हा सराफ्यातले लोक म्हणाले, आता खाणवाल्यांची चांदी. लेखकानं दाखवलं आहे की भाव चढला की डिझेल, सायनाइड, बंदोबस्त, सरकारी हिस्सा हे सगळंच मागोमाग चढतं. आणि ज्या खाणीला काल दगड म्हणून टाकून दिलेला माल आज परवडायला लागतो, तिचं आयुष्य मात्र वाढतं. भाव हा खाणीचा पाऊस आहे. कमी पडला तर पीक जातं, जास्त पडला तरी सगळं आपल्या रानात थांबत नाही.

मला पुस्तकातली सर्वांत वाचनीय पानं वाटली ती ‘गालामसे’वरची. ‘गोळा करा आणि विका’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तोंडी झिजलेला हा अवतार. घानात परवाना नसताना सोनं खोदणाऱ्याला आणि त्या कामालाही हाच शब्द आहे. पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठी बायाबापड्या पाटीत वाळू हलवून सोनं काढत होत्या. ती कला आपल्याकडंही आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातले सोनझारी वाळू धुऊन कण काढायचे, आणि नदीत पोट भरेना तेव्हा ते शहरांतल्या सराफ्यांकडं वळले. आपल्याकडच्या सराफा गल्लीत मी असं काम करणाऱ्या एका बाईला पुष्कळ वेळ पाहत उभी राहिले होते. पहाटे, दुकानं उघडायच्या आधी, तिनं पायऱ्यांच्या कडेची धूळ बारीक कुंच्यानं ओढली, गटारातला गाळ पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला, सगळं घमेल्यात घेतलं. मग नळाखाली बसून घमेलं एका लयीत डोलवत राहिली. आधी कचरा तरंगून गेला, मग माती, मग रेती. तळाला काळी रेघ उरली. तिनं कंबरेच्या पिशवीतून बाटली काढली, पाऱ्याचा थेंब सोडला आणि तो बोटानं त्या रेघेवरून फिरवला. हातमोजे वगैरे काही नाही. मी विचारलं, किती निघेल? ती म्हणाली, ‘निघंल की, दिसाचं तेल-मीठ.’ पुढं ती हा पारा चुलीवर तापवून उडवणार होती, आणि चूल घरातच होती.

अगदी हेच, याच हालचाली, याच पाऱ्यानं, आफ्रिकेत लाखो माणसं करतात. पाऱ्याला आळा घालण्यासाठी मिनामाता करार 2013 मध्ये झाला, 2017 पासून लागू आहे. बाटली मात्र अजून कंबरेलाच आहे. आणि हा धंदा आता पाटीवरही राहिलेला नाही. पोकलेन आले, डिझेलचे पंप आले, परदेशी भांडवल आलं. 2013 च्या सुमारास चीनमधल्या शांगलिन भागातून आलेले हजारो लोक घानातून हाकलले गेले, यंत्रं मागं राहिली. प्रा आणि अंकोब्रा नद्यांचं पाणी चहासारखं झालं. कोकोच्या बागा असलेला शेतकरी एकरकमी पैसे घेऊन बाग खणायला देतो, कारण झाडावरचं उत्पन्न वर्षातून दोनदा येतं आणि पोकलेनवाला पैसे आज मोजतो.

गंगाखेड, सोनपेठ, पूर्णेकडच्या वाचकानं इथं पुस्तक जरा खाली ठेवावं आणि गोदावरीच्या वाळूघाटांची आठवण काढावी. रात्री निघणारे हायवा, घाटावरचा पहारा, पहाऱ्यावरचा पहारा, महसूलच्या पथकाच्या आधी पोचणारा फोन, आणि नदीच्या पात्रात पडलेले पुरुषभर खड्डे. फरक वाळू आणि सोन्याचा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गोदेच्या ज्या वाळूत आम्ही पोरींना सहलीला नेऊन बसवायचो तिथं आता बाभळी आहेत. मग घानातल्या मंत्र्यानं नदीकाठी सैनिक उभे केले तरी उपसा का थांबत नाही, हे आपल्याला वेगळं शिकायला नको.

याहून एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, आणि इथं लेखकाशी माझे मतभेद आहेत. घाना सरकारनं 2025 मध्ये गोल्ड बोर्ड नावाचं मंडळ काढलं. लहान खाणकऱ्यांचं सोनं खरेदी करण्याचा आणि निर्यात करण्याचा अधिकार त्याच्याकडं घेतला, आणि परदेशी व्यापाऱ्यांना 30 एप्रिल 2025 पर्यंत स्थानिक बाजारातून बाहेर व्हायला सांगितलं. लेखकाला यात मोठी आशा दिसते: दलाल हटेल, सोनं चोरवाटेनं जाणार नाही, डॉलर देशात येतील. मला मात्र कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवली. 1972 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की शेतकऱ्याचा कापूस सरकारच घेणार. हेतू चांगलाच होता. व्यापाऱ्यांची लूट खोटी नव्हती. मानवत-सेलूच्या बाजारात बैलगाड्यांच्या रांगा मी लहानपणी पाहिल्या आहेत. गाडीखालीच स्वयंपाक, गाडीखालीच झोप, तीन-तीन दिवस. मग ग्रेडर येणार, मूठभर कापूस चिमटीत ओढून बघणार आणि प्रत ठरवणार. पैसे सगळे एकदम मिळायचे नाहीत, हप्त्यांनी यायचे. बाहेर भाव कमी असला की सगळा कापूस केंद्रावर. बाहेर भाव जास्त असला की रात्रीतून आदिलाबादकडं. सीमेवर कापसाचे ट्रक पकडले जायचे, जणू काही अफूच! ज्यानं पिकवला तो आपल्याच कापसाचा चोर ठरला.

चोरून न्यायला सोनं तर कापसाहून सोपं. एका गाडीभर कापसाचा पैसा खिशात मावेल एवढ्या सोन्यात सामावतो. तेव्हा मंडळाची परीक्षा कायद्याच्या कलमात होणार नाही. खाणकरी दारात आला तेव्हा काटा खरा आहे का, कस खरा लावला का, आणि पैसे त्याच दिवशी मिळाले का, यात होईल. पैसे रात्रीपर्यंत आले नाहीत तर टोगोच्या सीमेकडं जाणारी मोटारसायकल उभीच आहे. लेखकाला मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, बाई, तुमचा कापूस नासतो, सोनं नासत नाही, मंडळ थांबू शकतं. मी म्हटलं, मंडळ थांबेल, खाणकरी कसा थांबेल? हा वाद आमचा मिटलेला नाही. वाचकानं तो पुस्तकाच्या तिसऱ्या भागात स्वतः खेळून पाहावा.

मोठ्या कंपन्या आणि सरकारं यांच्या झटापटीबद्दल मी फार लिहीत नाही, तो लेखकाचा प्रांत आहे. टांझानियानं 2017 मध्ये एका कंपनीला 190 अब्ज डॉलरचं कराचं बिल लावलं तेव्हा जग हसलं. शेवटी हाती आले 30 कोटी डॉलरचा समझोता आणि खाणींत सोळा टक्के वाटा. पण तो वाटा आधी नव्हता. मालीनं 2023 मध्ये खाणकायदा बदलून सरकारचा हिस्सा वाढवला, आणि बॅरिक कंपनीशी वाद चिघळला तेव्हा जानेवारी 2025 मध्ये खाणीवरचं सुमारे तीन टन सोनं सरकारनं हेलिकॉप्टरनं उचलून नेलं. त्याच वर्षाअखेर तडजोडही झाली. सुदानात तर सोनं हे युद्धाचं इंधनच आहे. इथं ‘खाणीला भवितव्य आहे का’ हा प्रश्न विचारताना कुणाच्या भवितव्याबद्दल विचारतो आहोत ते आधी सांगावं लागतं.

मग हे सोनं आपल्यापर्यंत येतं कसं? स्वित्झर्लंडच्या स्विसएड संस्थेनं 2024 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार 2022 साली आफ्रिकेतून निदान 435 टन सोनं कुठल्याही दप्तरात न येता बाहेर पडलं आणि त्यातलं बहुतेक दुबईला गेलं. दुबईच्या भट्टीत ते वितळतं. वितळलं की त्याचं गाव पुसलं जातं. मग त्याच्यावर दुबईचा शिक्का. आणि दुबईहून आपल्याकडं किती सोनं येतं ते आखाती विमानातून उतरणारा कुणीही सांगेल.

भट्टीचं हे कसब मराठी माणसानं फार चांगलं आत्मसात केलेलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतले गलाई कारागीर पिढ्यान्‌पिढ्या देशभरातल्या सराफ्यांत सोनं-चांदी गाळून शुद्ध करतात. काश्मीरपासून तमिळनाडूपर्यंत कुठल्याही सराफा गल्लीत ‘काय पाव्हणं, कुठलं गाव?’ म्हटलं की वर बघणारा एखादा सापडतो. शेतानं साथ दिली नाही म्हणून ही माणसं दुसऱ्यांच्या सोन्यापाशी गेली. खाणीत उतरणाऱ्या आफ्रिकन माणसाची आणि यांची कहाणी फार वेगळी नाही.

माझ्या आईची एकदाणी मी अशाच एका भट्टीवर नेली होती. 1972 च्या दुष्काळात आमच्या घरातल्या पाटल्या गेल्या. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. पण एकदाणी तिनं राखली. पुढं दर जूनला ती बियाण्यासाठी गहाण पडायची आणि दिवाळीत कापूस विकला की सुटून यायची. आई गेल्यावर तिन्ही भावंडांत वाटणी करायची ठरली आणि मोड म्हणून ती घेऊन मी निघाले. कारागिरानं मणी मुशीत टाकले, टाकणखाराची चिमूट टाकली, ज्योत लावली. मण्यांचे आधी काने वाकले, मग ते एकमेकांत शिरले, आणि तळाशी एक थरथरता लाल गोळा झाला. घट वजा जाऊन जे भरलं ते त्यानं सांगितलं. मी त्याला त्या पोराचा प्रश्न विचारला: हे सोनं मूळचं कुठलं असेल हो? तो हसला. म्हणाला, ‘बाई, मुशीत गेल्यावर सोन्याला जात न्हाई आन् गाव न्हाई. तुमच्या आजीच्या आजीचं बी असंल, कालच्या इमानातलं बी असंल.’

हे पुस्तक मुशीच्या अलीकडं उभं राहून लिहिलेलं आहे, आणि त्याचं मोल मला त्यातच वाटतं. काही उणिवाही आहेत. बायका यात कमी येतात, आणि आल्या तर आजारी म्हणून येतात. पाटी हलवणाऱ्या, दगड कुटणाऱ्या, कण विकून पोरांची फी भरणाऱ्या बायका लेखकाच्या हिशेब खात्यापर्यंत पोचल्या नसाव्यात. सुदानचं प्रकरण घाईत उरकलं आहे. आकडे जरा जास्त आहेत. पण हिशेबाच्या माणसाकडून ललित गद्याची अपेक्षा धरणं हा माझाच अन्याय होईल.

वाचकांच्या सोयीसाठी एक. पुस्तकात सोनं टनांत आणि औंसांत मोजलं आहे, कारण जगात तसंच मोजतात. सोन्याचा औंस 31.1 ग्रॅमचा. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं एक औंस म्हणजे तीन तोळे आणि वर नऊ गुंजा. शेवटच्या कोऱ्या पानावर मी हे पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. लेखकानं ते तसंच छापायला दिलं आहे.